भुंकू द्या, पण वेळेवर

रात्रीचे दोन वाजलेले. गल्लीतून कोणीतरी संडासला निघाले आहे. चपलांचा आवाज येतो आणि दारात झोपलेला कुत्रा उठून भुंकू लागतो. पत्र्याच्या भिंतीपलीकडचे तान्हे बाळ दचकून रडते. त्याच्या शेजारच्या खोलीत, पहाटे साडेचारला झाडूकामावर निघणारा भाऊ कूस बदलतो. त्याला पुन्हा झोप लागत नाही. समोरच्या घरात माळ्यावर दहावीची मुलगी झोपली आहे, तिची सकाळी सातची शाळा आहे. कुत्रा पाच मिनिटांनी गप्प होतो. गल्ली मात्र तासभर जागी राहते. सकाळी नळावर पाणी कमी आणि भांडण जास्त.

हे चित्र आपल्या बहुतेक वस्त्यांत दिसते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही घरच्या कुत्र्याच्या भुंकण्याबद्दल लिहीत आहोत. कोणी म्हणेल, आरोग्याचा आणि कुत्र्याचा काय संबंध? संबंध आहे. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, आणि त्यापुढच्या शाळकरी मुलांना ८ ते १० तास लागते. रोज रात्री झोप तुटत राहिली की रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते, चिडचिड वाढते, मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा धरली आहे. हा नियम काही कुत्र्यांसाठी केलेला नाही, पण मोजमाप कळावे म्हणून सांगतो: जवळून ऐकले तर कुत्र्याचे भुंकणे ८०-९० डेसिबलपर्यंत सहज जाते. आणि आपल्याकडे दोन घरांत विटेची भिंतही नसते, पत्रा असतो.

पण कुत्र्याने भुंकूच नये असेही आमचे म्हणणे नाही. दिवसभर सगळे कामावर गेल्यावर घर सांभाळणारा तोच असतो. त्याने भुंकावे, आपण ऐकावे, आणि आपण ‘कळले’ म्हटल्यावर त्याने थांबावे. एवढे त्याला शिकवता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत, पट्टा ओढावा लागत नाही, काठी तर मुळीच नाही. लागतात दोन शब्द, मूठभर खाऊ आणि घरातल्या सगळ्यांची एकवाक्यता.

वाघ्याची गोष्ट

आमच्या वस्तीतल्या एका घरी वाघ्या नावाचा कुत्रा आहे. गावठीच, तांबूस रंगाचा. घरातल्या ताई चार घरची धुणीभांडी करतात, मुलगा कॉलेजात जातो. शेजारचे भाऊ हॉस्पिटलात रात्रपाळी करतात. त्यांच्या आईला रक्तदाबाचा त्रास. वाघ्या रात्री तीन-तीन वेळा भुंकायचा. आधी कुरबूर झाली, मग शिवीगाळ. एक दिवस गल्लीतल्या काही जणांनी ठरवले की याला टेम्पोत घालून डम्पिंगला सोडून यायचे. एकाने तर खाण्यात काही घालायचीही भाषा केली. ताई रडत आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “मारून बघितलं, बांधून बघितलं, उपाशी ठेवून बघितलं. आता काय करू?”

आम्ही विहारात दोन्ही घरच्यांना बसवले. शेजारच्या भावांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांची आई खरोखरच रात्रभर जागी राहत होती. ताईंचेही खोटे नव्हते. कुत्रा त्यांच्या मुलाने पावसात भिजलेले पिल्लू म्हणून आणला होता आणि पाच वर्षे सांभाळला होता. आम्ही दोन्ही घरांकडे एक महिना मागितला. त्या महिन्यात जे केले तेच पुढे सांगत आहोत. यातले काही आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारले, काही वाचले आणि बरेचसे वाघ्याबरोबर चुकत चुकत शिकलो.

भुंकणे म्हणजे खोडी नव्हे

कुत्रा त्रास द्यायचा म्हणून भुंकत नाही. तो काहीतरी सांगत असतो. हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरातील संशोधकांनी मुडी जातीच्या कुत्र्यांचे आवाज वेगवेगळ्या प्रसंगी टिपून घेतले: अनोळखी माणूस आला तेव्हाचे, एकटे बांधून ठेवले तेव्हाचे, खेळतानाचे. मग ते लोकांना ऐकवले. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता त्यांनाही बऱ्याच वेळा प्रसंग ओळखता आला. म्हणजे कान आपल्याकडेही आहेत, लक्ष देत नाही एवढेच.

साधारणपणे भुंकण्याची कारणे अशी असतात:

– कोणी आले, काही हलले: जाड आवाजात, भराभर, दाराकडे तोंड करून.
– भीती: कान मागे, शेपूट पायांत, भुंकत भुंकत मागे सरकणे.
– काही हवे आहे: तुमच्याकडे बघत, एकेक भुंक, मध्ये थांबून पुन्हा.
– एकटेपणा: बारीक, ताणलेला, रडवेला सूर, बराच वेळ चालतो.
– कंटाळा: काही कारण नसताना एकसुरी, तासन् तास.
– दुखणे किंवा म्हातारपण: पूर्वी न भुंकणारा कुत्रा अचानक रात्री भुंकू लागतो. म्हाताऱ्या कुत्र्याला कमी ऐकू येते, कमी दिसते, तो गोंधळतो. अशा वेळी शिकवणीच्या आधी डॉक्टर.

गल्लीतली मादी माजावर आली की नर कुत्रे रात्र रात्र रडतात, भुंकतात. तिथे कोणताही शब्द चालत नाही. नसबंदीबद्दल पशुवैद्यांना विचारावे.

आधी आठवडाभर लिहून काढा

वाघ्याच्या घरी आम्ही पहिले काम हे केले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात मुलाने रोज लिहिले: किती वाजता भुंकला, कशावर भुंकला, आणि मग घरच्यांनी काय केले. आठवड्याने सगळे स्पष्ट झाले. रात्री अकराला, म्हणजे दुसऱ्या पाळीची माणसे घरी येतात तेव्हा. दोनच्या सुमाराला, गटारावर घुशी निघतात तेव्हा. आणि चारला, नळावर हंडे लागतात तेव्हा. तिन्ही वेळा तो दारातच बांधलेला असायचा. दाराच्या फटीतून त्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसायचे.

तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची होती. तो भुंकला की घरातले सगळे ओरडायचे: “ए, गप! गप बस! वाघ्या!” या ओरडण्यातले शब्द त्याला कळत नव्हते, सूर तेवढा कळत होता. त्याला वाटायचे की घरातले पण आपल्याबरोबर भुंकत आहेत. तो आणखी जोर लावायचा. आणि दुसऱ्या बाजूने पाहा: माणूस आला, वाघ्या भुंकला, माणूस पुढे निघून गेला. तो संडासलाच चालला होता, जाणारच होता. पण वाघ्याच्या हिशेबाने त्याने माणसाला पळवून लावले. रात्रीतून दहा वेळा त्याला असे ‘यश’ मिळत होते.

गरज भागवा, जागा बदला

शिकवण्याआधी कुत्र्याचे पोट, पाणी आणि पाय यांची सोय हवी. दिवसभर दोन फुटांच्या साखळीला बांधलेला कुत्रा रात्री शांत झोपेल ही अपेक्षाच चूक. अशी आखूड किंवा जड साखळी घालून जनावराला अवास्तव वेळ बांधून ठेवणे हा १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हाही आहे. उपासमार होईल अशा ठिकाणी कारण नसताना जनावर सोडून येणे, हेही त्याच कायद्यात बसते. म्हणजे ‘डम्पिंगला सोडा’ हा उपायच नव्हे.

आम्ही हे बदल केले:

– सकाळी आणि रात्री साडेनऊ-दहाला पट्टा लावून वीस-पंचवीस मिनिटे फिरवणे. रस्ताभर हुंगू देणे. हुंगण्याने कुत्रा चालण्याइतकाच दमतो.
– रात्रीचे जेवण फिरून आल्यावर, झोपण्याआधी तास-दीड तास. पाणी कायम भरलेले.
– झोपायची जागा दारातून काढून आत मोरीशेजारी. खाली गोणपाट.
– दाराच्या खालच्या फटीला जुन्या सतरंजीचा तुकडा. पाय दिसेनासे झाले.
– दिवसा चघळायला जुन्या कापडाची गाठ मारलेली दोरी. कधी भाकरीचे तुकडे रिकाम्या खोक्यात घालून शोधायला देणे.

एवढ्यानेच अकराचे आणि चारचे भुंकणे निम्म्यावर आले. शब्द अजून शिकवायचाच होता.

पहिला शब्द: ‘बस’

शब्द कोणताही चालेल: ‘बस’, ‘शांत’, ‘पुरे’. पण घरातल्या सगळ्यांचा एकच. आजी ‘गप रे’ म्हणणार, पोरगा ‘शटअप’ आणि बाबा ‘ए कुत्र्या’, तर कुत्रा कोणाचे ऐकणार? आम्ही ‘बस’ निवडला.

खाऊ आधी तयार ठेवा. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे पुरतात: भाकरी, उकडलेले अंडे, बिनहाडाचे उकडलेले चिकन, उकडलेला हरभरा. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत, ते कधीच देऊ नका. शिजवलेली हाडेही नकोत. त्यांच्या कपच्या होऊन आतड्यात टोचतात.

शिकवणी दिवसा करा. रात्री दोनला कोणी काही शिकत नाही, कुत्राही नाही आणि आपणही नाही.

१. घरातल्या एकाने बाहेर जाऊन कडी वाजवायची. कुत्रा भुंकेल. दोन-तीन वेळा भुंकू द्या.
२. साध्या, हळू आवाजात एकदाच म्हणा, “बस.” लगेच खाऊ त्याच्या नाकाशी न्या. हुंगायला लागला की भुंकणे आपोआप थांबते.
३. थांबल्याबरोबर, एक-दोन सेकंदांत, “शाब्बास” म्हणून खाऊ द्या. उशीर झाला तर खाऊ कशाचा मिळाला हे त्याला कळत नाही.
४. असे पाच-सहा वेळा करून सोडून द्या. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटे पुरे.
५. ‘बस’ ऐकताच तो स्वतःच थांबून तुमच्याकडे बघू लागला की खाऊ नाकाशी नेणे बंद करा. आता थांबल्यावर दोन सेकंद मोजा, मग द्या. मग पाच, दहा, वीस, तीस.
६. मध्येच भुंकला तर रागावू नका. तुम्ही फार लवकर पुढे गेलात. पुन्हा कमी सेकंदांवर या.

इथे आमची एक फजिती झाली ती सांगतो. चार दिवसांत वाघ्या एवढे शिकला की भुंकून थांबले की अंडे मिळते. मग तो मुद्दामच दोनदा भुंकून थांबायचा आणि तोंडाकडे बघायचा! त्यावर उपाय दोन. एक, गप्प राहण्याचा वेळ वाढवत न्यायचा, म्हणजे नुसते थांबून भागत नाही. दुसरा जास्त महत्त्वाचा: दाराबाहेर पाय वाजले आणि तो भुंकलाच नाही, नुसता कान टवकारून पाहिले, तर त्या क्षणी सर्वांत मोठा तुकडा द्यायचा. न भुंकण्याचे मोल भुंकून थांबण्यापेक्षा जास्त, हे त्याला कळले पाहिजे. आपण मात्र उलट करतो. शांत बसलेल्या कुत्र्याकडे कोणी बघत नाही, भुंकणाऱ्याकडे सगळे घर वळते.

हळूहळू खाऊ कमी करा. कधी द्या, कधी नुसती पाठ थोपटा. पण ‘शाब्बास’ कधी सोडू नका.

दुसरा शब्द: ‘कोण आहे?’

कुत्र्याला मागितल्यावर भुंकायला शिकवले की थांबायला शिकवणे सोपे जाते, कारण दोन्ही गोष्टी आपल्या शब्दावर येतात. आपल्या घरांत पूर्वीपासून म्हणतातच: “कोण आहे रे?” तोच शब्द वापरा.

आधी “कोण आहे?” म्हणा, आणि लगेच बाहेरच्याने कडी वाजवावी. कुत्रा भुंकला की “शाब्बास”. दोन-तीन भुंकण्यांनंतर “बस”, आणि खाऊ. काही दिवसांनी कडी न वाजवताही तो ‘कोण आहे?’ वर भुंकेल. ताई संध्याकाळी घरी एकट्या असतात. अनोळखी माणूस दारात रेंगाळला तर हा शब्द त्यांच्या कामाचा आहे.

यात तिसरी पायरी जोडा: ‘जागेवर’. भुंकला, तुम्ही उठून पाहिले, “बस, कळलं” म्हणालात, की त्याला गोणपाटावर न्या आणि तिथेच खाऊ द्या. काही आठवड्यांत कुत्र्याला कळते की आपले काम कळवण्यापुरते. पुढचे घरची माणसे बघतील.

म्हणून एक नियम पाळा: तो भुंकला की एकदा तरी बघा. न बघता नुसते गप्प केले तर तो राखणदार राहत नाही. आणि ‘बस’ शिकलेला कुत्रा ‘बस’ म्हटल्यावरही थांबत नसेल, तर उठाच. वाघ्या शिकल्यानंतर महिनाभराने एकदा पहाटे तीनला थांबेना. मुलाने दार उघडून पाहिले, तर गल्लीतल्या एक आजी संडासवरून येताना चक्कर येऊन ओट्याशी बसल्या होत्या, हाक मारायचीही ताकद नव्हती. त्यांना वेळेवर दवाखान्यात नेता आले. सदानकदा भुंकणारा कुत्रा असता तर त्या रात्री कोण उठले असते?

मागून भुंकत असेल तर

जेवताना ताटाकडे बघून भुंकतो, फिरायला न्या म्हणून भुंकतो. इथे ‘बस’ चा उपयोग कमी. इथे एकच उपाय: भुंकत असेपर्यंत काही द्यायचे नाही, बघायचे नाही, बोलायचे नाही. गप्प झाला, पाच सेकंद गेले, की मग द्यायचे.

यात एक धोका आधीच सांगून ठेवतो. पहिले काही दिवस भुंकणे कमी होण्याऐवजी वाढते. पूर्वी मिळत होते, आता का मिळत नाही म्हणून तो जोर लावतो. नेमके तेव्हा घरातले कोणी कंटाळून “घे बाबा एकदाचा” म्हणून तुकडा टाकते, आणि कुत्रा शिकतो की जास्त भुंकले की मिळते. त्या चार-सहा दिवसांत घरातल्या एकानेही हात ढिला सोडू नये. शेजाऱ्यांनाही आधी सांगून ठेवावे.

एकटा राहिला की रडत असेल तर

सगळे कामावर गेले की काही कुत्रे दिवसभर रडतात, दार खरवडतात. त्यांना रागावून उपयोग नाही. ती भीती आहे. सुटीच्या दिवशी सराव करा. दार ओढून एक मिनिट बाहेर थांबा, तो शांत असतानाच आत या. मग दोन मिनिटे, पाच, दहा. जाताना लाड नको, येताना गाजावाजा नको. जाण्याआधी फिरवून आणा, चघळायला काही द्या. शेजारच्या मावशी घरी असतील तर दुपारी एकदा दार उघडून हाक मारायला सांगा. मावशींची आणि त्याची ओळख झाली की त्यांच्यावर भुंकणेही थांबते.

मिरवणूक आणि फटाके

कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी बारीक आवाज ऐकू येतात. माणसाचा कान सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा सुमारे ४५,०००पर्यंत. त्यामुळे १४ एप्रिलची मिरवणूक असो, दिवाळीचे फटाके असोत की लग्नाची वरात, त्याला तो आवाज झेपत नाही. त्याला मिरवणुकीत नेऊ नका, गळ्यात निळा रुमाल बांधून फोटो घरातच काढा. त्या वेळी आतल्या कोपऱ्यात, खाटेखाली जागा द्या, दारे-खिडक्या लावा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने तो बिघडत नाही. दार मात्र नीट लावा; घाबरून पळालेले कुत्रे कधीकधी परत सापडत नाहीत.

घरात नवे पिल्लू असेल तर सोपे आहे. साधारण तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचा काळ ओळखीचा. त्या वयात कडेवर घेऊन ढोल लांबून ऐकवा, रिक्षा दाखवा, काठी टेकत चालणारे आजोबा, रेनकोट घातलेला माणूस, कचऱ्याची गाडी दाखवा आणि सोबत खाऊ द्या. या वयात ज्याची ओळख झाली त्यावर मोठेपणी तो सहसा भुंकत नाही.

हे करू नका

– मारू नका. मारलेला कुत्रा गप्प होतो, पण भीतीने. असा कुत्रा पुढे न भुंकता, न गुरगुरता सरळ चावतो. घरात लहान मुले असतील तर हे फार धोक्याचे.
– तोंड दोरीने किंवा रबराने बांधू नका. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो तोंड उघडून, धापा टाकून अंग थंड करतो. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात तोंड बांधलेला कुत्रा उष्म्याने मरू शकतो.
– अंगावर पाणी ओतणे, तिखट फेकणे, विजेचा झटका देणारे पट्टे वापरणे नको.
– झोपेची किंवा तापाची माणसांची गोळी देऊ नका. आपल्या साध्या गोळ्याही कुत्र्याला विषारी ठरतात.

फेब्रुवारी १९३४ मधला राजगृहातला एक फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. बाबासाहेब, यशवंतराव, माता रमाई, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव त्यात आहेत. आणि त्यांच्याबरोबर आहे बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. घरच्यांच्या फोटोत त्यालाही जागा होती. ज्याला घरचा म्हणतो त्याला शिकवायचेही घरच्यासारखेच.

आवाज बदलला तर सावध

भुंकण्याचा आवाज हे तब्येतीचेही लक्षण आहे. कुत्र्याचा आवाज अचानक घोगरा किंवा चिरका झाला, लाळ गळू लागली, गिळता येईना, तो उगाच अंगावर येऊ लागला किंवा कोपऱ्यात लपू लागला, तर रेबीजची शंका घ्या. घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नका. मुलांना दूर ठेवा, त्याला वेगळे कोंडा आणि पशुवैद्यांना कळवा. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची पहिली लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. लसीचे कार्ड रेशनकार्डाजवळ ठेवा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. मुंबईत परळचे बैलघोडा हॉस्पिटल अनेकांना माहीत आहेच.

कुत्रा चावला किंवा नख लागून रक्त आले, तर मग तो घरचा असो की रस्त्यावरचा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, तिखट, मिश्री काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. पोटात चौदा इंजेक्शने घ्यायचा जमाना गेला. आता लस दंडात देतात. पहिल्या लसीचा दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी जायचे. स्नायूत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवशीही एक असते. जखम खोल असेल तर जखमेतच वेगळे सीरम देतात, ते आवर्जून विचारा. एकही तारीख चुकवू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणांआधी घेतलेली लस मात्र वाचवते.

शेजाऱ्याकडे आधी आपण जावे

वाघ्याच्या प्रकरणात सर्वांत मोठा फरक कशाने पडला असेल, तर ताई स्वतः शेजारी गेल्या त्याने. त्या म्हणाल्या, “भाऊ, जयभीम. वाघ्याचा तुम्हाला त्रास होतो, खरं आहे. त्याला शिकवायला घेतलंय. चार-सहा दिवस जरा जास्तच भुंकेल. तुमच्या ड्यूटीच्या वेळा सांगा, त्या वेळी मी त्याला आत ठेवते.” भाऊ आधी गप्प राहिले. मग म्हणाले, “ताई, मला दिवसा अकरा ते पाच झोप लागते बघा.” रात्रीच्या भुंकण्याची सगळ्यांना कल्पना होती, भाऊ दिवसा झोपतात आणि तेव्हाही उठवले जातात, हे ताईंना तोपर्यंत कोणी सांगितलेच नव्हते. शिकवणीची वेळ अकराच्या आत आणि पाचच्या नंतर नेली. भावांच्या आईंनी तर पुढे स्वतःच्या हाताने वाघ्याला भाकरी द्यायला सुरुवात केली. आता त्यांच्या चपलेच्या आवाजावर तो शेपूट हलवतो, भुंकत नाही.

एक महिना मागितला होता, पाच आठवडे लागले. वाघ्या अजूनही भुंकतो. घुशी दिसल्या की आजही त्याला राहवत नाही. पण दोन-तीनदा भुंकतो, आतून मुलगा “बस, कळलं” म्हणतो आणि तो गोणपाटावर जाऊन पडतो. गल्ली झोपलेली राहते.

तुमच्या घरी कुत्रा असेल तर आज एवढेच करा: कॅलेंडरवर पहिली नोंद लिहा, आणि रात्री जेवायला बसाल तेव्हा सगळ्यांनी मिळून एक शब्द ठरवा.